जिनिव्हा : शस्त्रांच्या हिशेबाची बोलणी

रविवार

देशादेशांतील शस्त्रांच्या व्यवहाराला नियम घालणाऱ्या शस्त्रव्यापार कराराच्या सदस्य देशांची दहावी परिषद १९ ते २३ ऑगस्ट २०२४ या काळात जिनिव्हात भरली. मी रायगड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते, आणि पिस्तूल, रायफल यांसारख्या लहान शस्त्रांच्या नियंत्रणावर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेने मला या परिषदेला निरीक्षक म्हणून पाठवले होते. आमच्या किनाऱ्याला हा विषय परका नाही. १९९३ च्या सुरुवातीला श्रीवर्धन तालुक्यात दिघी आणि शेखाडी येथे आरडीएक्स, एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब उतरवले गेले, आणि १२ मार्चच्या स्फोटांत मुंबईत २५७ माणसांचा जीव गेला. त्या हातबॉम्बांवर ‘आर्जेस’ ही खूण होती आणि तिच्या आधाराने तपास थेट ऑस्ट्रियापर्यंत पोचला. धातूवरची एक खूण आणि तिच्याशी जुळणारी कोणाच्या तरी दप्तरातील नोंद, एवढ्यावर किती काही अवलंबून असते, हे वर्गात सांगताना मी नेहमी याच प्रकरणापासून सुरुवात करते.

विमान दुपारी उतरले. माझी राहण्याची सोय आईच्या मैत्रिणीच्या नणंदेकडे होती. या काकू मूळच्या रत्नागिरीच्या असून कित्येक वर्षांपासून जिनिव्हात राहतात. रविवारी येथील बहुतेक दुकाने बंद असतात, हे ठाऊक असल्याने त्यांनी शनिवारीच वांगी आणून ठेवली होती. भरीत, भाकरी आणि वर कैरीचे लोणचे असे जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, इथे आलेली माणसं सरोवर बघून परत जातात. तू बोलणी ऐकायला आलीस, हे बरं केलंस.” त्यांनी पूर्वी एका आंतरराष्ट्रीय संस्थेत मसुदे टंकलिखित करण्याचे काम केले होते. एकाच परिच्छेदाची अनेक रूपे रात्री उशिरापर्यंत बसून तयार केल्याच्या त्यांच्या आठवणी मला पुढे आठवडाभर उपयोगी पडल्या.

येणाऱ्यांसाठी एक सूचना : हॉटेलात किंवा युवा वसतिगृहात मुक्काम केल्यास शहरातील ट्राम, बस आणि सरोवरातील पिवळ्या होड्यांसाठी मोफत प्रवासपत्र मिळते. नातेवाइकांकडे उतरणाऱ्यांना ते मिळत नाही, त्यामुळे त्यांनी दिवसाचे किंवा आठवड्याचे तिकीट काढावे.

सोमवार

परिषद वारेंबे रस्त्यावरील आंतरराष्ट्रीय परिषद केंद्रात होती. ओळखपत्राची रांग लांब होती पण भराभर सरकली. सभागृहात देशांच्या पाट्या वर्णक्रमाने लावलेल्या होत्या, निरीक्षक संस्थांना मागच्या ओळी होत्या, आणि दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या बाजूच्या भिंतीलगत होत्या. अध्यक्षपदी रुमानियाचे राजदूत रझवान रुसू होते. त्यांनी यंदाचा विषय म्हणून देशांतर्गत खात्यांमधील समन्वय निवडला होता. ऐकायला तो रुक्ष वाटतो, परंतु सीमाशुल्क, पोलीस, लष्कर आणि परराष्ट्र खाते यांनी एकमेकांना वेळेवर कळवले नाही, तर परवाना कागदावर नाकारलेला असतानाही माल बंदरातून सुटतो. म्हणून मला ही निवड अगदी योग्य वाटली.

कराराची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ एप्रिल २०१३ रोजी १५४ विरुद्ध ३ मतांनी तो स्वीकारला. विरोधात इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया होते, तर भारत, चीन आणि रशियासह २३ देश तटस्थ राहिले. २४ डिसेंबर २०१४ रोजी तो अमलात आला. रणगाडे, विमाने आणि युद्धनौका यांच्याबरोबरच लहान व हलकी शस्त्रेही त्याच्या कक्षेत येतात. शस्त्रे वंशसंहारासाठी किंवा नागरिकांवरील हल्ल्यांसाठी वापरली जातील हे ठाऊक असेल, तर सहाव्या कलमानुसार ती देताच येत नाहीत. सातव्या कलमानुसार इतर बाबतींत निर्यातदाराने आधी धोक्याचे मूल्यमापन करायचे असते, आणि त्यात स्त्रिया व मुलांवरील हिंसेचा धोकाही स्पष्टपणे धरावा लागतो. चीन २०२० मध्ये करारात आला, अमेरिकेने २०१३ मध्ये सही केली पण २०१९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले, आणि भारताने आजवर सही केलेली नाही.

भारताच्या भूमिकेविषयी मला अनेकांनी विचारले, आणि मी ती शक्य तितकी नीट मांडली. वाटाघाटींच्या वेळी भारताचे म्हणणे असे होते, की करारात निर्यातदार आणि आयातदार यांच्या जबाबदाऱ्यांचा तोल नाही, निर्यातदार देश ऐन वेळी कराराकडे बोट दाखवून पुरवठा थांबवू शकतील, आणि दहशतवादी गटांकडे जाणाऱ्या शस्त्रांबाबत मसुदा दुबळा आहे. संरक्षण सहकार्य करारांतील बंधने या कराराचा आधार घेऊन रद्द करता येणार नाहीत, असे सांगणारे उपकलम २६ व्या कलमात आले, त्यामागे भारताचा आग्रह होता. शेखाडीचा किनारा पाहिलेल्या माणसाला दहशतवादाबाबतचा तो आक्षेप पटतो. तरीही परिषदेतील पाच दिवस ऐकल्यावर माझे मत असे झाले, की नोंदी आणि खुणांचे हे काम भारताने बाहेर राहून पाहण्यापेक्षा आत बसून घडवावे, कारण त्याचा लाभ ज्या देशांना सर्वाधिक होईल त्यांत आपला क्रमांक वरचा आहे.

पहिल्या दिवशीच्या भाषणांत गाझा आणि युक्रेन यांचे उल्लेख पुन्हा पुन्हा आले, आणि ते होत असताना सभागृहातील कुजबूज थांबत होती. संध्याकाळी अचानक वारा सुटला, ज्युरा पर्वताच्या बाजूने ढग आले आणि ट्रामच्या थांब्यावर आम्ही सगळे चिंब झालो. ऑगस्टात जिनिव्हाला येताना उन्हाळी कपड्यांबरोबर छत्री अवश्य ठेवावी.

मंगळवार

माझ्या दृष्टीने हा सर्वांत भरीव दिवस होता. दुपारच्या सुटीत छोट्या खोल्यांमध्ये स्वतंत्र बैठका होतात, तेथे पाव आणि फळे ठेवलेली असतात, आणि मुख्य सभागृहात जे कोणी बोलत नाही ते तेथे मोकळेपणाने बोलले जाते. नव्याने जाणाऱ्यांनी या बैठकांचे वेळापत्रक आदल्या रात्रीच पाहून ठेवावे, कारण जागा कमी असते.

मी बसले ती चर्चा लष्करी मदतीच्या नियोजनाविषयी होती. विकलेल्या शस्त्रासाठी परवाना, करारपत्र आणि अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र अशी कागदांची साखळी असते. परंतु मित्रदेशाला भेट म्हणून, उसने म्हणून किंवा प्रशिक्षणाबरोबर दिलेल्या शस्त्रांचे काय? करारात ‘हस्तांतरण’ या सदरात निर्यात, आयात, मार्गस्थ वाहतूक, वाटेत मालाचे वाहन बदलणे आणि दलाली यांचा उल्लेख आहे, पण भेटीचा स्पष्ट उल्लेख नाही. अनेक देश भेटीलाही करार लागू मानतात, काही मानत नाहीत. आजच्या युद्धांत मदत म्हणून जाणाऱ्या शस्त्रांचे प्रमाण पाहता ही फट लहान नाही.

यावर बोलताना एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने अफगाणिस्तानचे उदाहरण दिले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जानेवारी २००९ मध्ये अहवाल दिला, की अफगाण सुरक्षा दलांसाठी अमेरिकेने विकत घेऊन पाठवलेल्या सुमारे २,४२,००० शस्त्रांपैकी जवळजवळ ८७,००० शस्त्रांच्या पूर्ण नोंदी ठेवल्या गेल्या नव्हत्या. इराकबाबत २००७ मध्ये याच कार्यालयाने सुमारे १,९०,००० शस्त्रांचा हिशेब लागत नसल्याचे सांगितले होते, आणि त्यांत १,१०,००० एके-४७ रायफली होत्या. हे आकडे मी वाचले होते. तथापि ज्याने अशा कोठारात उभे राहून पेट्या मोजल्या आहेत, त्याच्या तोंडून ते ऐकण्याचा परिणाम वेगळा असतो. त्याचे म्हणणे असे होते, की मदतीचे नियोजन करणाऱ्या टेबलावर किती रायफली, कोणत्या विमानाने, कोणत्या तारखेला, हे सारे काटेकोर ठरते. पुढे कुलूप कोण लावणार, चावी कोणाकडे राहणार, निकामी झालेले शस्त्र कोण नष्ट करणार, यांसाठी मात्र पैसाही ठेवलेला नसतो आणि माणूसही नेमलेला नसतो.

१९८० च्या दशकात अफगाण मुजाहिदीनांना पुरवलेली शस्त्रे पुढे पंजाब आणि काश्मीरमध्ये सापडली, हे आपल्याला माहीत आहे. ती मदत ज्यांनी आखली त्यांच्या कागदांत अमृतसर किंवा श्रीनगर ही नावे कधी आली नसतील. म्हणून मला वाटते, की मदतीच्या करारातच कोठारांची तपासणी, क्रमांकांची यादी आणि परतीची अट लिहिलेली असावी, आणि ती नसेल तर मदत अपुरी आखली आहे असे समजावे.

चहाच्या वेळी पश्चिम आफ्रिकेतील एका देशाच्या लहान शस्त्रे आयोगातील अधिकाऱ्याची ओळख झाली. गृहस्थ उंच, शांत आणि विलक्षण नेमके बोलणारे होते. त्यांनी मालीची हकिगत सांगितली. राष्ट्राध्यक्ष अल्फा उमर कोनारे यांनी १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली, ती अधिक बंदुका मिळवण्यासाठी नव्हे तर देशात पसरलेल्या बंदुका गोळा करण्यासाठी. २७ मार्च १९९६ रोजी तिंबक्तू येथे सुमारे तीन हजार शस्त्रे सार्वजनिकरीत्या जाळली गेली. त्यातून पश्चिम आफ्रिकी देशांनी ३१ ऑक्टोबर १९९८ रोजी लहान शस्त्रांची आयात, निर्यात आणि निर्मिती यांवर ऐच्छिक स्थगिती जाहीर केली, आणि २००६ मध्ये तिचे बंधनकारक करारात रूपांतर झाले. या करारानुसार एखाद्या सदस्य देशाला आपल्या सैन्यासाठीही शस्त्रे हवी असतील तर शेजाऱ्यांना कळवून सवलत मागावी लागते. “त्यानंतरही आमच्याकडे युद्धे झाली,” ते म्हणाले, “परंतु आता शेजारी काय विकत घेतो ते विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. तो आधी नव्हता.” माली आज पुन्हा अशांत आहे, आणि तिंबक्तूची आठवण काढताना त्यांचा आवाज बदलला. तरी ते या परिषदेला दरवर्षी येतात, कारण त्यांच्या कोठारांतील क्रमांक ठोकण्याच्या यंत्रांसाठी मदत अशाच वाटाघाटींतून मिळते.

बुधवार

सकाळी मी सभागृहाबाहेर पडून लहान शस्त्रांवर संशोधन करणाऱ्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेत गेले. तिचे कार्यालय ‘मेझाँ द ला पे’ या काचेच्या इमारतीत आहे. या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०१७ अखेर जगात १०० कोटींहून अधिक बंदुका होत्या, आणि त्यांपैकी ८५ कोटींहून अधिक, म्हणजे सुमारे ८५ टक्के, सामान्य नागरिकांच्या हाती होत्या. सैन्यांकडे सुमारे १३ कोटी आणि पोलिसांकडे सव्वादोन कोटींच्या आसपास. नागरिकांकडील बंदुकांत अमेरिकेखालोखाल भारताचा क्रमांक लागतो : सुमारे ७ कोटी ११ लाख, आणि त्यांतील बहुसंख्य बिनपरवाना. लोकसंख्येच्या प्रमाणात आपला आकडा कमी आहे हे खरे, तरीही शस्त्रनियंत्रण हा दूरच्या युद्धभूमीचा विषय आहे असे मानणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी हा आकडा आवर्जून दाखवणार आहे.

दुपारी राष्ट्रसंघाचा जुना प्रासाद, ‘पॅले दे नासिओं’. समोरच्या चौकात तुटक्या पायाची १२ मीटर उंच लाकडी खुर्ची आहे. ती भूसुरुंगांच्या बळींच्या स्मरणार्थ १९९७ मध्ये उभारली गेली. आत प्रवेशासाठी पासपोर्ट लागतो आणि मार्गदर्शकासह फेरीची नोंदणी आधी करावी लागते. बागेत मोर मोकळे फिरतात, आणि त्यांच्या केका ऐकून क्षणभर आपण कोठे आहोत याचा विसर पडतो. होसे मारिया सर्ट या स्पॅनिश चित्रकाराने सोनेरी आणि तपकिरी रंगांत रंगवलेले दालन येथेच आहे, आणि शस्त्रकपातीच्या जागतिक करारांची बोलणी करणारी निःशस्त्रीकरण परिषद त्याच दालनाशी जोडलेली आहे. अणुचाचणीबंदीचा करार १९९६ मध्ये पूर्ण झाल्यापासून त्या परिषदेतून एकही नवा करार बाहेर पडलेला नाही. सर्वांचे एकमत झाल्याशिवाय तेथे पाऊल पुढे पडत नाही. शस्त्रव्यापार करार आमसभेत मतदानाने का करावा लागला, याचे उत्तर येथे मिळते.

रस्त्यापलीकडील रेडक्रॉस संग्रहालय (सोमवारी बंद) कोणीही चुकवू नये. पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांची सुमारे ६० लाख पत्रे, म्हणजे हाताने लिहिलेली नोंदपत्रे, तेथे जपून ठेवली आहेत. ऑगस्ट १९१४ मध्ये सुरू झालेल्या कचेरीत बहुतांशी स्वयंसेवकांनी, त्यांतही मोठ्या संख्येने स्त्रियांनी, ती भरली. संगणक नसताना, युद्ध पेटलेले असताना, एकेका कैद्याचा माग ठेवणे शक्य झाले होते. रायफलीवर तर कारखान्यातच क्रमांक ठोकलेला असतो. तिचा माग ठेवणे अशक्य आहे, ही सबब मला त्या कपाटांसमोर उभी असताना अजिबात पटली नाही.

गुरुवार

२२ ऑगस्ट. १८६४ मध्ये याच तारखेला पहिल्या जिनिव्हा करारावर येथील नगरभवनात सह्या झाल्या होत्या, म्हणून सकाळच्या सत्राआधी मी जुन्या शहरात गेले. नगरभवनाच्या ज्या दालनात त्या सह्या झाल्या त्याला आज ‘अलाबामा दालन’ म्हणतात, आणि त्या नावामागची कथा थेट आमच्या परिषदेच्या विषयाची आहे. अमेरिकी यादवीत दक्षिणेकडील राज्यांसाठी ‘अलाबामा’ हे जहाज इंग्लंडमधील बर्कनहेड येथे बांधले गेले आणि त्याने उत्तरेची साठांहून अधिक जहाजे पकडली किंवा बुडवली. तटस्थ म्हणवणाऱ्या ब्रिटनने पुरेशी दक्षता घेतली नाही, असा दावा अमेरिकेने केला. पाच देशांच्या लवादाने १४ सप्टेंबर १८७२ रोजी निकाल दिला आणि ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर सोन्यात भरावे लागले. शस्त्र आपल्या बंदरातून गेले असेल तर पुढच्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावरही येते, हे त्या काळच्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याने पैसे मोजून मान्य केले. दालन नेहमी खुले नसते, मात्र अंगण पाहता येते.

समोरच जुने शस्त्रागार आहे. कमानींखाली पाच तोफा ठेवल्या आहेत आणि भिंतींवर शहराच्या इतिहासाची रंगीत कुट्टिमचित्रे (मोझाइक) आहेत. पूर्वी धान्याचा बाजार, मग हत्यारांचे कोठार, आणि पुढे त्याच वास्तूत सरकारी दप्तरखाना. तोफांजवळ खेळणाऱ्या मुलांना त्यांची आजी प्रत्येक तोफेची माहिती सांगत होती. मोडक्या फ्रेंचमध्ये मी दोन प्रश्न विचारले तेव्हा तिने मलाही सगळी हकिगत पुन्हा सांगितली.

जिनिव्हातच १९२५ च्या मे-जूनमध्ये शस्त्रव्यापारावर देखरेख ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिच्यातून विषारी वायूंवरील बंदीचा जिनिव्हा प्रोटोकॉल निघाला आणि तो टिकला. पण शस्त्रव्यापाराचा मूळ करार पुरेशा देशांनी मंजूर न केल्याने कधीच अमलात आला नाही. आजच्या कराराला किती मागे जाऊन सुरुवात करावी लागली, ते यावरून ध्यानात येते.

शुक्रवार

शेवटच्या दिवशी अंतिम अहवालाचे परिच्छेद एकेक करून वाचले गेले. काकूंनी सांगितलेले मसुद्यांचे जग आता डोळ्यांसमोर होते : एका शब्दासाठी शिष्टमंडळे कोपऱ्यात जमत होती आणि नवे वाक्य घेऊन परतत होती. दोन चिंता आठवडाभर ऐकू येत राहिल्या. करारानुसार दरवर्षी ३१ मेपर्यंत आयात-निर्यातीचा अहवाल द्यायचा असतो, पण अनेक देश तो देत नाहीत, आणि काही देतात तो गुप्त ठेवतात. शिवाय कित्येकांची वर्गणी थकलेली असल्याने सचिवालयाचा कारभार ओढाताणीचा आहे. शस्त्रे आडमार्गाला लागण्याविषयीची माहिती ज्या मंडळात वाटली जाते तेथे फक्त सदस्य आणि सही केलेल्या देशांना प्रवेश आहे. आमच्यासारख्यांसाठी ते दार बंद असते, याचे कारण मला समजते, पण भारतासाठीही ते बंद आहे याचे मला मनापासून वाईट वाटले.

पुढील अध्यक्षपद अर्जेंटिनाकडे गेले. निरोपाच्या वेळी पश्चिम आफ्रिकेच्या त्या अधिकाऱ्यांनी क्रमांकयंत्रांबाबतची त्यांची बोलणी पुढे सरकल्याचे सांगितले. रात्री सरोवरकाठच्या पाकी भागात एका इथिओपियन खाणावळीत आम्ही काही निरीक्षक जेवलो. आंबोळीच्या चुलत घराण्यातल्या वाटणाऱ्या आंबूस ‘इंजेरा’ नावाच्या धिरड्यावर मसुराची आणि वाटाण्याची तिखट आमटी मिळते. शाकाहारी माणसाला या महागड्या शहरात पोटभर आणि परवडणारे जेवण हवे असेल तर अशा ठिकाणी जावे, किंवा मोठ्या किराणा दुकानांच्या वरच्या मजल्यावरील उपाहारगृहांत.

शनिवार

परतीचे विमान रात्री असल्याने लोझानला जाऊन आले. आगगाडीने सुमारे पाऊण तास लागतो, आणि जाताना उजव्या हाताची खिडकी मिळाली तर सरोवर सोबत राहते. ऑलिंपिक संग्रहालयाच्या बागेत नळीला गाठ मारलेल्या पिस्तुलाचे शिल्प आहे. स्वीडिश शिल्पकार कार्ल फ्रेड्रिक रॉयटर्सवार्ड यांनी गायक जॉन लेनन यांच्या हत्येनंतर ही कल्पना साकारली, आणि तिची प्रसिद्ध प्रत लक्झेम्बर्गने १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्र मुख्यालयाला भेट दिली.

ज्या मराठी विद्यार्थ्यांना किंवा पत्रकारांना अशा परिषदेला जायचे असेल त्यांनी मान्यताप्राप्त संस्थेमार्फत निरीक्षक म्हणून नोंदणी काही महिने आधी करावी, शेंगेन व्हिसासाठी निमंत्रणपत्र लवकर मागावे, आणि करारातील २, ६, ७, ११ व २६ ही कलमे मुळातून वाचून जावे. बेकायदा लहान शस्त्रांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा २००१ चा कृती कार्यक्रम आणि शस्त्रांचा माग काढण्याविषयीचा २००५ चा दस्तऐवज हेही सोबत असावेत. या दोन्ही बोलण्यांत भारत सहभागी आहे, आणि माग काढण्यासंबंधीच्या तज्ज्ञ गटाचे अध्यक्षपद भारताचे राजदूत राकेश सूद यांनी सांभाळले होते. त्यामुळे आपल्या शिष्टमंडळाला प्रश्न विचारण्याची संधी तेथे अधिक मिळते.